नाकपुडी, आकडा आणि मेंदू : ममीविषयी वाचकांच्या शंका

गेल्या अंकातील प्राचीन इजिप्तवरच्या टिपणात आम्ही एक वाक्य लिहिले होते : ‘ममी तयार करताना मृताच्या नाकातून आकडा घालून मेंदू ओढून काढीत असत.’ बाकीचे टिपण बाजूला राहिले आणि पत्रे आली ती या एका वाक्यावर. त्यांपैकी निवडक शंकांची उत्तरे येथे देत आहोत. पहिल्या पत्राने आमचीच चूक दाखवून दिली असल्यामुळे त्याचे उत्तर साहजिकच लांबले आहे.

प्रश्न : सहावीच्या वर्गात मी तुमचे ते वाक्य वाचून दाखवले. एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, एवढा मोठा मेंदू एवढ्याशा नाकपुडीतून बाहेर येईलच कसा?” मला उत्तर देता आले नाही. तुम्ही द्याल का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : त्या मुलीची शंका अगदी रास्त आहे आणि आमचे वाक्य सदोष आहे. चूक ‘ओढून’ या शब्दात आहे. प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, फुलकोबीच्या मध्यम गड्ड्याएवढा असतो. तो अखंड स्वरूपात नाकपुडीतून बाहेर येणे शक्य नाही आणि इजिप्तच्या कारागिरांनी तसा प्रयत्न केला असेल असेही वाटत नाही. मेंदू नाकावाटे बाहेर येत असे हे खरे, परंतु तो आतल्या आत मोडून, घुसळून, पातळ करून मग ओघळू दिला जात असे.

आधी वाट पाहू. दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या पोकळीच्या छपराशी एथमॉइड नावाचे हाड असते. वासाची संवेदना वाहून नेणारे तंतू नाकातून मेंदूकडे जातात ते या हाडातील एका आडव्या चकतीच्या बारीक छिद्रांतून, आणि ‘एथमॉइड’ या ग्रीक नावाचा अर्थही ‘चाळणीसारखे’ असाच आहे. कवटीचे हाड अन्यत्र चांगले जाड असले, तरी ही चाळणी मात्र अंड्याच्या कवचासारखी ठिसूळ असते. मृतदेह उताणा ठेवून एका नाकपुडीतून लांब सळई वर आणि किंचित मागे सरकवली, नाकातील पातळ पडद्या मोडत ती छपराला टेकवली आणि बाहेरून बेताचा ठोका दिला, की ती थेट कवटीच्या पोकळीत शिरते. ममींच्या कवट्यांत या जागी साधारण एक ते दोन सेंटीमीटर रुंदीचे भोक आढळते. काम बहुधा एकाच नाकपुडीतून, त्यातही पुष्कळदा डाव्या, केलेले दिसते आणि चेहऱ्यावर बाहेरून त्याची खूण उरत नाही. चेहरा ओळखू यावा ही या विद्येची पहिली अट होती. त्या दृष्टीने कवटी फोडण्यापेक्षा ही आडवाट किती सोयीची होती हे लक्षात येईल.

आता ‘ओढून काढणे’ ही कल्पना आली कोठून ते पाहू. ती ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याच्या नावावर खपते. त्याने इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्तविषयी लिहिले आणि आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात देह टिकवण्याच्या तीन पद्धती खर्चाच्या उतरत्या क्रमाने सांगितल्या. त्यांतील सर्वांत महागड्या पद्धतीचे वर्णन करताना तो म्हणतो, की पहिल्याप्रथम वाकड्या लोखंडाने नाकपुड्यांतून मेंदू काढतात. काही भाग अशा रीतीने निघतो आणि उरलेला औषधे आत ओतून काढतात. पुढच्या लोकांनी, आमच्यासकट, आकडा तेवढा लक्षात ठेवला आणि औषधे ओतण्याचा भाग सोडून दिला. हेरोडोटसला ऐकीव गोष्टी लिहिणारा म्हणून नावे ठेवण्याची पद्धत आहे. येथे मात्र त्याचे अर्धे वाक्य वाचणाऱ्यांकडेच दोष जातो. त्याने लोखंड म्हटले ते त्याच्या काळाला शोभणारे आहे, कारण त्यापूर्वीच्या कित्येक शतकांत ही हत्यारे तांब्याची किंवा काशाची असत.

आकड्याने मेंदू खरोखर ओढता येतो का, हे आधुनिक काळात करून पाहिले गेले आहे. फिल्स लीक या ब्रिटिश दंतवैद्याने मेंढ्यांच्या मुंडक्यांवर प्रयोग करून १९६९ मध्ये त्यावर लिहिले. त्याहून प्रसिद्ध प्रयोग १९९४ चा. इजिप्तविद्येचे अभ्यासक बॉब ब्रायर आणि मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयातील रोनाल्ड वेड यांनी बाल्टिमोर येथे विज्ञानासाठी देहदान केलेल्या एका माणसाच्या देहाची ममी प्राचीन पद्धतीने तयार केली. हत्यारे जुन्या नमुन्यांबरहुकूम तांब्याची व काशाची घडवली आणि देह सुकवण्यासाठी नॅट्रॉन हा क्षार थेट इजिप्तमधून आणला. नाकातून आकडा आत गेला, पण मेंदू त्याला धरून येईना. ओलसर, मऊ पदार्थ आकड्यावरून घसरून जाई. तेव्हा त्यांनी ओढणे सोडले आणि आत पाणी सोडून तेच हत्यार रवीसारखे फिरवण्यास सुरुवात केली. ताक घुसळावे तसा मेंदू घुसळला गेला, पातळ झाला, आणि देह पालथा करताच नाकपुड्यांतून वाहून आला. ज्या कामात आकडा अपयशी ठरला ते काम रवीने आणि पाण्याने केले.

यात निसर्गाचीही मदत होते. मृत्यूनंतर सर्वांत लवकर मऊ पडणाऱ्या अवयवांत मेंदूची गणना होते, कारण त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते आणि उरलेल्यात स्निग्ध पदार्थ पुष्कळ असतात. नाईलकाठच्या उष्म्यात हे आणखी लवकर घडत असणार. कवटीतले कप्पे पाडणारी जाड आवरणे तेवढी चिवट असतात. ती सळईच्या टोकाने फाडावी लागत आणि कित्येक ममींत त्यांचे सुकलेले अवशेष कवटीला चिकटून राहिलेले दिसतात. मेंदू निघून गेल्यावर पोकळी धुऊन, लिननच्या चिंध्या त्याच वाटेने आत-बाहेर करून पुसून काढीत. त्यानंतर पुष्कळदा पातळ केलेली गरम राळ नाकावाटे आत ओतीत किंवा लिननच्या पट्ट्या ठासून भरीत, आणि शेवटी नाकपुड्यांना बोळे घालीत.

तेव्हा वर्गात असे सांगता येईल : आधी नाकाचे छप्पर फोडीत, मग मेंदू आतच घुसळीत, आणि मग देह पालथा करून तो ओतून टाकीत. त्या मुलीला आमच्या वतीने शाबासकी द्यावी.

प्रश्न : ही हत्यारे प्रत्यक्ष कोणाला सापडली आहेत, की सारे तर्कावर चालले आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : धातूचे आकडे आणि सळया युरोपातील संग्रहालयांत आहेत, परंतु एखादा आकडा याच कामाचा होता हे केवळ त्याच्याकडे पाहून ठरवणे अवघड असते. म्हणून झाग्रेब येथे जे सापडले त्याचे मोल अधिक आहे.

क्रोएशियाच्या या राजधानीतील पुरातत्त्व संग्रहालयात सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या, मृत्यूसमयी चाळिशीच्या आसपास असलेल्या एका स्त्रीची ममी आहे. २००८ मध्ये तिचे सीटी स्कॅन केले तेव्हा कवटीच्या मागच्या बाजूला, घट्ट झालेल्या राळेत रुतलेली एक नळीसारखी वस्तू दिसली. डॉक्टरांनी नाकावाटे दुर्बीण घालून, म्हणजे जिकडून ती वस्तू आत गेली होती त्याच वाटेने, तिला राळेतून सोडवून बाहेर काढले. ती सुमारे आठ सेंटीमीटर लांबीची वनस्पतीची काडी निघाली. ताड किंवा बांबू ज्या गटात मोडतात त्या गटातील वनस्पतीची. याचे विवरण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मेंदू घुसळताना किंवा खरवडताना काडीचे टोक आत मोडले, कारागिराला ते काढता आले नाही किंवा त्याने त्याची पर्वा केली नाही, आणि वरून राळ ओतून तो मोकळा झाला. आमच्या मते ही मोडकी काडी हेरोडोटसच्या वर्णनाइतकीच बोलकी आहे. लोखंडी आकड्याचे नाव सर्वांच्या तोंडी असले, तरी कारखान्यात रोजच्या कामाला स्वस्तातली काडीही चालत असावी. शिवाय अशा काडीने ओढता काहीच येणार नाही. ढवळता मात्र येईल.

प्रश्न : प्रत्येक मृताचा मेंदू काढीत असत का? राजेलोकांचा तर नक्कीच काढत असतील? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : प्रत्येकाचा नाही, आणि राजांचाही सरसकट नाही. हेरोडोटसने सांगितलेल्या मधल्या आणि स्वस्त पद्धतींच्या वर्णनात मेंदूचा उल्लेखच नाही. मेंदू काढण्याची रीत सर्रास रुळली ती साधारणपणे नव्या राज्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १५५० नंतर, त्याआधीची उदाहरणे आहेत, पण विरळ.

त्या नव्या राज्याच्या आरंभीच्या राजांतसुद्धा एकवाक्यता नाही. पहिला अमेनहोटेप याची ममी फुलांच्या माळांसह इतकी सुबकपणे गुंडाळलेली आहे, की आधुनिक काळात ती उलगडण्यास कोणी धजावले नाही. कैरो विद्यापीठातील प्रा. सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी तिच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. पस्तिशीच्या सुमारास वारलेल्या या राजाचा मेंदू काढलेलाच नव्हता. तो कवटीत आकसून सुकून गेलेला आढळला. याउलट त्याचा पिता अहमोस याची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ममीत नाकाची वाट न धरता मानेच्या बाजूने छेद घेऊन, पाठीच्या कण्याचा पहिला मणका काढून, कवटीच्या तळाच्या भोकातून मेंदू काढलेला दिसतो आणि पोकळीत लिनन भरलेले आहे. बाप आणि मुलगा यांच्यात एका पिढीचे अंतर, पण कारागिरी दोन तऱ्हांची. एखाद्या ठरीव नियमाबरहुकूम तीन हजार वर्षे काम चालले अशी आपली समजूत असते; प्रत्यक्षात कारखान्यागणिक आणि काळागणिक पद्धत बदलत होती असेच पुरावे सांगतात.

मेंदू राहिला तर देह टिकतच नाही, असेही नाही. राजवंशांच्या आधीच्या काळात लोक मृताला वाळवंटातील उथळ खड्ड्यात पुरत आणि तापलेली कोरडी वाळू देहातील पाणी शोषून घेई. अशा कवट्यांमध्ये सुकून गोळा झालेले मेंदू ग्राफ्टन एलियट स्मिथ या शरीररचनातज्ज्ञाला विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या संख्येने पाहायला मिळाले. देह वाळूतून उचलून शवपेटीत आणि थडग्याच्या खोलीत ठेवणे सुरू झाले तेव्हा वाळूचे काम कारागिरांच्या अंगावर आले.

प्रश्न : यकृत, फुप्फुसे बरण्यांत जपून ठेवणारे हे लोक मेंदू फेकून देत, कारण त्यांना तो निरुपयोगी वाटे, असे वाचले आहे. इतक्या प्रगत लोकांना मेंदूचे महत्त्व कळले नसेल? (एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

उत्तर : बरण्यांबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी यांसाठी चार बरण्या असत आणि होरस या देवाच्या चार पुत्रांकडे त्यांची राखण सोपवलेली असे : यकृत माणसाच्या मुखाच्या इम्सेतीकडे, फुप्फुसे माकडमुखी हापीकडे, जठर कोल्ह्याच्या मुखाच्या दुआमुतेफकडे, आतडी बहिरी ससाण्याच्या मुखाच्या केबेहसेनुएफकडे. मेंदूसाठी बरणी नाही, देवताही नाही. उलट तुतनखामेन या राजाच्या देहसंस्कारात वापरून झालेल्या नॅट्रॉनच्या पुरचुंड्या आणि लिननचे तुकडे मोठ्या रांजणांत भरून राजांच्या खोऱ्यातील एका खड्ड्यात पुरलेले १९०७ मध्ये सापडले. देहाला लागलेली चिंधीही जपणाऱ्यांनी मेंदूची मात्र तजवीज केली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विचार, स्मृती, सदसद्विवेक हे सारे त्यांच्या मते हृदयात वसत. ब्रिटिश म्युझियममधील शबाका शिलालेखात डोळ्यांचे पाहणे, कानांचे ऐकणे आणि नाकाचे श्वास घेणे हे सर्व हृदयापर्यंत पोचते, निर्णय तेथे होतो आणि जीभ हृदयाने ठरवलेलेच बोलून दाखवते असे सांगितले आहे. मृत्यूनंतरच्या न्यायसभेत तराजूच्या एका पारड्यात सत्याची देवता मात हिचे पीस आणि दुसऱ्यात हृदय ठेवत, आणि ते हृदय आपल्याच धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून मंत्र कोरलेला दगडी भुंगा छातीवर ठेवत. म्हणून हृदय देहातच ठेवण्याचा प्रघात होता, जरी तपासलेल्या पुष्कळ ममींत तेही आढळत नाही. यात इजिप्तच्या लोकांना हसण्यासारखे काही नाही. चरकसंहितेने चेतनेचे स्थान हृदय हेच मानले आहे, आणि हेरोडोटसनंतर शंभर वर्षांनी लिहिणाऱ्या ॲरिस्टॉटलला मेंदू म्हणजे रक्त थंड करणारा अवयव वाटत होता. आपणही अजून गोष्ट ‘काळजाला लावून’ घेतो.

परंतु ‘मेंदूचे महत्त्व कळलेच नव्हते’ असे सरसकट म्हणणे आम्हाला पटत नाही. एडविन स्मिथ या अमेरिकनाने १८६२ मध्ये लक्सर येथे विकत घेतलेला एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा लेख, आहे. ती प्रत इ.स.पू. १६०० च्या सुमाराची, मजकूर त्याहून जुना. १९३० मध्ये जेम्स ब्रेस्टेड यांनी त्याचा अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात जखमांची ४८ प्रकरणे असून मेंदूचा जगातील सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख त्यांतच आहे. सहाव्या प्रकरणात कवटी फुटून मेंदू उघडा पडलेला रुग्ण आहे. वैद्य लिहितो, की मेंदूवरच्या वळ्या वितळलेल्या तांब्यावर उठणाऱ्या सुरकुत्यांसारख्या दिसतात आणि बोटाखाली तो तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा धडधडतो. ज्याने हे लिहिले त्याने जिवंत माणसाच्या मेंदूवर बोट ठेवले होते. कवटीला मार बसला की पाय ओढत चालणे आणि कानशिलाला बसला की वाचा जाणे हेही या पपायरसात नोंदलेले आहे. मेंदूसाठी त्याने वापरलेल्या शब्दप्रयोगाचा अर्थ साधारणपणे ‘कवटीतला मगज’ असा लावतात. मराठीतही ‘मगज’ म्हणजे मेंदू आणि ‘मगज’ म्हणजे गरही, तेव्हा आपल्याला तो परका वाटू नये.

मग वैद्याला जे दिसत होते ते ममी करणाऱ्याने का मानले नाही? आमच्या मते त्याच्यापुढचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसून कारागिरीचा होता. पोट उघडता येते, आतील अवयव काढून वेगळे सुकवता येतात. नॅट्रॉन म्हणजे धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ यांचे सुकलेल्या तळ्यांत मिळणारे मिश्रण. आपल्या पापडखाराचा लांबचा भाऊबंद म्हणता येईल. तो देहाच्या बाहेर रचतात, पोकळीतही भरतात, पण हाडाच्या बंद पेटीत असलेल्या मेंदूपर्यंत तो पोचत नाही. आतला मेंदू पातळ होऊन नाका-तोंडातून ओघळू लागला तर जपलेला चेहरा बिघडणार. तो आधीच काढून टाकणे शहाणपणाचे होते, आणि घुसळून पाणी झालेल्या वस्तूसाठी बरणी तरी कशी ठेवणार?

प्रश्न : तुतनखामेनच्या डोक्यात मागून घाव घालून खून केला होता आणि कवटीत हाडाचा तुकडाही सापडला आहे, असे एका कार्यक्रमात सांगितले. ते हाड मेंदू काढताना तुटलेले नसेल? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : १९६८ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाचे प्रा. रोनाल्ड हॅरिसन यांनी घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांत कवटीच्या आत हाडाचा तुकडा दिसला आणि त्यावर खुनाची कथा उभी राहिली. जानेवारी २००५ मधील सीटी स्कॅनने ती पाडली. कवटीवर घावाची खूण नाही. आत दोन तुकडे आहेत आणि ते मानेच्या पहिल्या मणक्याचे आहेत.

आपण सुचवलेल्या शक्यतेचाही निकाल याच स्कॅनने लागतो, आणि तो कसा लागतो हे पाहणे रंजक आहे. पातळ राळ पाण्यासारखी समपातळीत बसते आणि थंड झाली की तशीच घट्ट होते, त्यामुळे ती ओतली तेव्हा डोके कोणत्या स्थितीत होते हे तिच्या पृष्ठभागावरून वाचता येते. तुतनखामेनच्या कवटीत राळेचे दोन थर आहेत : एक कवटीच्या मागच्या भिंतीला, म्हणजे देह उताणा असताना ओतलेला, दुसरा टाळूकडच्या बाजूला, म्हणजे डोके मागे खाली लोंबत असताना ओतलेला. हाडाचे तुकडे मृत्यूच्या वेळी किंवा देहसंस्काराच्या आरंभी आत पडले असते तर राळेत रुतून बसले असते. ते सुटे आहेत, म्हणजे राळ घट्ट झाल्यानंतर केव्हातरी तुटले.

प्रश्न : मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीची गाठ आता नाकावाटे काढतात. माझी स्वतःचीच तशी शस्त्रक्रिया झाली आहे. ही विद्या इजिप्तकडून आली का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाट जवळपास तीच, पण वारसा नाही. आधुनिक शल्यचिकित्सेत पिट्युटरीकडे नाकावाटे जाण्याची पहिली शस्त्रक्रिया हेरमान श्लोफर यांनी १९०७ मध्ये इन्सब्रुक येथे केली. इजिप्तमध्येही ममीवाल्यांची ही वाट वैद्यांच्या लिखाणात दिसत नाही. एडविन स्मिथ पपायरसात नाकाच्या जखमांची चार प्रकरणे आहेत, परंतु ती नाक मोडले तर काय करावे याविषयी आहेत : रक्त लिननच्या बोळ्यांनी पुसावे, मग स्निग्ध पदार्थात भिजवलेले दोन बोळे नाकपुड्यांत घालावेत. शस्त्रक्रियेनंतर आपल्याही नाकात काही दिवस बोळे घालून ठेवले असतील, तर त्यापुरते नाते सांगता येईल.

प्रश्न : आमच्या वडोदऱ्याच्या संग्रहालयातील ममीच्या कवटीत मेंदू आहे की नाही, हे पाहून कळेल का? (एक मराठी वाचक, वडोदरा)

उत्तर : नुसते पाहून नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी उभारलेल्या आपल्या संग्रहालयात काय, किंवा जयपूर, हैदराबाद, कोलकाता येथील ममींपुढे काय, काचेबाहेरून दिसतो तो पट्ट्यांचा आणि चेहऱ्याचा भाग. नाकाच्या छपराचे भोक आणि कवटीतील राळ सीटी स्कॅनमध्येच दिसते. तशी चित्रे प्रसिद्ध झालेली कधी पाहण्यात आली तर एथमॉइडच्या जागी हाड सलग आहे की तुटले आहे ते आधी पाहावे, आणि मग कवटीच्या मागच्या बाजूला राळेची सपाट पातळी शोधावी.

प्रश्न : आमच्या बागेत सुपारीवर मिरीचे वेल आहेत. इजिप्तच्या एका राजाच्या नाकात काळी मिरी सापडली असे कोणीतरी सांगितले. यात तथ्य किती? (एक बागायतदार, सावंतवाडी)

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. तो राजा म्हणजे इ.स.पू. १२१३ मध्ये अतिवृद्धापकाळी वारलेला दुसरा रामसेस. त्याची ममी १९७६ मध्ये बुरशीवरील उपचारांसाठी पॅरिसला नेली होती. त्या वेळच्या तपासणीत त्याच्या नाकाच्या पोकळीत काळ्या मिरीचे दाणे आढळले. त्याच्या बाकदार नाकाचा आकार पट्ट्यांच्या दाबाखाली चपटा होऊ नये म्हणून आत एक लहानसे हाडही आधाराला बसवले होते. मेंदू काढण्यासाठी जी वाट मोडली तीच पुन्हा भरून काढण्याची ही तजवीज होती. मिरीचा वास आणि किडीला दूर ठेवण्याचा गुण या दोन्हींचा त्यात विचार असावा.

मिरीचा वेल मूळचा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातला. म्हणजे आजपासून सव्वातीन हजार वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिणेकडून निघालेले हे दाणे अनेकांच्या हातांतून, समुद्र आणि वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कारागिरापर्यंत पोचले होते. त्याने ते एवढ्या दूरवरून आलेले, बहुधा सोन्याच्या भावाचे दाणे राजाच्या नाकपुड्यांत भरले. आपण ते उन्हात वाळवून पोत्यात भरता, एवढाच फरक.